लायनफिशचा आहार, त्याचे आरोग्य आणि पाळणाऱ्याचा हात

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा लाल लायनफिश, म्हणजे विषारी काट्यांचा समुद्री मासा, तीन आठवड्यांपूर्वी घरी आला. तो जिवंत गोल्डफिशखेरीज कशालाही तोंड लावत नाही आणि विक्रेत्याने रोज दोन गोल्डफिश द्यायला सांगितले आहे. टाकी २५० लिटरची आहे, घरात दोन लहान मुले आहेत, आणि विषारी काटे कात्रीने छाटून टाकावेत असे एका परिचिताने सुचवले आहे. खाण्याचा प्रश्न आणि सुरक्षेचा प्रश्न तुम्ही वेगवेगळे विचारले आहेत. माझ्या अनुभवात मात्र ते एकाच धाग्याची दोन टोके आहेत. हा मासा अन्न कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या हातून घेतो, यावर त्याचे आयुष्य जितके अवलंबून असते, तितकीच तुमच्या बोटांची सुरक्षितताही अवलंबून असते.

काटे छाटण्याचा विचार आधी मनातून काढून टाका. काटा हा जिवंत अवयव आहे. तो छाटल्याने उघडी जखम होते, तिच्यात जंतूंचा शिरकाव होतो, आणि काही काळाने काटा पुन्हा वाढतो. शिवाय उरलेल्या खुंटाशी विष निर्माण करणारी ऊती शिल्लक राहते, त्यामुळे धोका संपत नाही. आणि हा उद्योग करण्यासाठी मासा पकडावा लागतो, म्हणजे जो प्रसंग टाळायचा तोच ओढवून घ्यावा लागतो.

विषाची रचना समजून घेतली तर बरीच अनाठायी भीती जाते आणि योग्य ती भीती उरते. या माशाच्या पाठीवर १३, पोटाखालच्या दोन परांना प्रत्येकी एक, आणि शेपटीच्या अलीकडे खालच्या बाजूला ३, असे एकूण १८ विषारी काटे असतात. पाहुण्यांना ज्यांचे सर्वाधिक भय वाटते, ते छातीचे पंख्यासारखे पसरणारे पर विषारी नसतात. काट्याच्या दोन्ही कडांना उभ्या खाचा असतात, त्यांत विषाची ऊती असते आणि त्यावर पातळ कातडीचे वेष्टन असते. काटा कशात तरी रुतला की दाबाने हे वेष्टन मागे सरकते आणि विष जखमेत उतरते. सापासारखी विष दाबून सोडणारी यंत्रणा या माशाकडे नाही. म्हणजे तो लांबून काहीही करू शकत नाही, स्पर्श व्हावाच लागतो. धोका वाटला की तो डोके खाली करून पाठीवरचे काटे त्या दिशेने रोखतो. ही मुद्रा ओळखायला घरातल्या प्रत्येकाने शिकावे. मेलेल्या माशाचे काटेही विषारी राहतात, हेही मुलांना सांगून ठेवा.

आता गोल्डफिशविषयी. विक्रेत्याचा सल्ला फार जुना आहे आणि आजही तो सर्रास दिला जातो, कारण जिवंत भक्ष्य पाहताच बहुतेक लायनफिश लगेच खातात आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. परंतु गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज नावाचे विकर (एन्झाइम) मोठ्या प्रमाणात असते. ते ब-१ जीवनसत्त्वाचे, म्हणजे थायमिनचे, विघटन करते. हे खाद्य महिनोन्‌महिने चालू राहिले तर त्या जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होते. दुसरे असे की, गोड्या पाण्यातील माशांमधील स्निग्धाम्लांचे (फॅटी ॲसिडचे) प्रमाण समुद्री भक्ष्यापेक्षा वेगळे असते, आणि ज्या स्निग्धाम्लांची समुद्री मांसाहारी माशाला गरज असते ती त्यात अपुरी पडतात. अशा आहाराने यकृतात चरबी साठते. मासा बाहेरून गुटगुटीत दिसतो, मालक खूश असतो, आणि वर्ष-दीड वर्षाने एका सकाळी तो तळाशी आडवा पडलेला आढळतो. शिवाय खाद्य म्हणून विकले जाणारे मासे दाटीवाटीने, निकृष्ट पाण्यात ठेवलेले असतात आणि त्यांच्याबरोबर रोग येऊ शकतात. म्हणून गोल्डफिश आजच थांबवा.

पण मग तो उपाशी मरेल, ही तुमची धास्ती मला माहीत आहे. ती मीही अनुभवली आहे. या बाबतीत एक गोष्ट मनाला धीर देणारी आहे. प्राणिशास्त्रज्ञ लेव्ह फिशेल्सन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लायनफिश १२ आठवड्यांहून अधिक काळ अन्नावाचून जगल्याचे नोंदले आहे. त्याच अभ्यासात पोटभर खाल्ल्यावर त्याच्या जठराचे आकारमान ३० पटींहून अधिक वाढू शकते, असेही आढळले. निसर्गात हा मासा मिळेल तेव्हा भरपूर खातो आणि न मिळेल तेव्हा शांतपणे थांबतो. पाळलेल्या टाकीत मात्र त्याला रोजच मिळते, आणि समोर आलेले नाकारण्याचा स्वभाव त्याच्याकडे नाही. माझ्या पाहण्यातले लायनफिश उपासमारीने क्वचितच गेले. बहुतेक मालकाच्या औदार्याने गेले. अर्थात, या सहनशक्तीचा आधार घेऊन तुमच्या माशाला तीन महिने उपाशी ठेवा, असे मी सुचवत नाही. नुकताच आणलेला, प्रवासाने खंगलेला, डोळ्यांमागचा भाग खोल गेलेला मासा असेल तर त्याला आधी जिवंत का होईना, पण काहीतरी खाऊ घालावे लागते. तुमचा मासा तीन आठवडे रोज खात आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत चार-पाच दिवसांचा खंड निर्धास्तपणे घेता येईल.

या खंडानंतर त्याला गोठवलेल्या समुद्री खाद्याची सवय लावायची आहे. लायनफिश वासापेक्षा हालचालीवर झडप घालतो, म्हणून पाण्यात सोडलेला कोळंबीचा तुकडा त्याच्या दृष्टीने अन्नच नसतो. तो हलता केला तरच अन्न होतो. त्यासाठी सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची, पारदर्शक कडक प्लास्टिकची, बोथट टोकाची काडी घ्या. टोकदार सळई, टूथपिक किंवा बांबूची कामटी वापरू नका. हा मासा भक्ष्याला चावून पकडत नाही. तो क्षणार्धात तोंड उघडून पाण्यासकट त्याला आत ओढून घेतो, आणि त्या ओढीत काडीचे टोकही तोंडात जाते. तुकडा काडीवर इतका सैल अडकवावा की हलक्या ओढीने सुटेल. दिवे मंद करून संध्याकाळच्या सुमारास, रोज एकाच वेळी, तो तुकडा माशाच्या बाजूने पुढे सरकवा, थांबवा, पुन्हा थोडा सरकवा. नवखी मंडळी तुकडा थेट तोंडासमोर नेऊन जोरजोरात हलवतात. माशाच्या नजरेत ते अंगावर चाल करून येणारे काहीतरी असते आणि तो मागे हटतो. भक्ष्य नेहमी पळत असते, ही साधी गोष्ट लक्षात ठेवली की हाताला आपोआप लय सापडते. अर्ध्या मिनिटात त्याने रस दाखवला नाही तर तुकडा काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा.

दहा-बारा दिवसांतही तो बधला नाही, तर मधली पायरी म्हणून हळूहळू खाऱ्या पाण्याला सरावलेल्या मॉली (टाकीत पाळले जाणारे लहान मासे) किंवा लहान जिवंत कोळंब्या देता येतात. त्या देण्यापूर्वी एक-दोन दिवस त्यांना चांगले खाद्य घालावे, म्हणजे त्यांच्या पोटातले पोषण लायनफिशपर्यंत पोहोचते. एका जिवंत कोळंबीनंतर लगेच काडीवरचा तुकडा पुढे केला की भुकेच्या भरात तो बहुधा घेतला जातो. एकदा घेतला की पुढचा मार्ग सोपा होतो. काडी नेहमी पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवा. वर झेपावून खाण्याची सवय लागली तर मासा अन्नाबरोबर हवाही गिळतो आणि काही वेळ डोके वर करून तरंगत राहतो. ती दशा पाहवत नाही आणि त्याला त्रासही होतो.

काय द्यावे, याचे उत्तर एका शब्दात विविधता असे आहे. कवचासह कोळंबीचे तुकडे (डोक्यावरचा टोकदार काटा आधी काढून), खेकड्याचे मांस, म्हाकूळ, शिंपल्यांतील मांस, लहान समुद्री मासे अख्खे किंवा तुकडे करून, असे आलटून पालटून द्यावे. थायमिनेज काही समुद्री मासे, शिंपले आणि कोळंब्यांतही असते आणि गोठवल्याने ते नष्ट होत नाही. म्हणूनच कोणत्याही एकाच पदार्थावर विसंबू नये, आणि आठवड्यातून दोनदा तरी खाद्य पंधरा-वीस मिनिटे जीवनसत्त्वांच्या द्रावणात भिजवून द्यावे. केवळ क्रिलवर, म्हणजे कोळंबीसारख्या चिमुकल्या समुद्री जीवांवर, वाढवलेले काही लायनफिश माझ्याकडे उपचारासाठी आले होते. त्यांचा जबडा उघडा तो मिटतच नव्हता आणि त्यांतला एकही मी वाचवू शकलो नाही. तेव्हापासून क्रिल माझ्याकडे महिन्यातून एखाद्या वेळी, चवीपुरते असते.

तुमच्या माशाच्या आकाराला दीड ते दोन सेंटिमीटरचे तीन-चार तुकडे, एक दिवसाआड, पुरेसे आहेत. तो पूर्ण वाढला की आठवड्यातून दोन वेळा पुरते. खाल्ल्यावर पोट किंचित फुगलेले दिसावे आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ते पूर्ववत व्हावे. तो पुन्हा काचेपाशी येऊन तुमच्याकडे पाहत राहील, तुम्ही खोलीत फिराल तसा फिरेल, आणि घरातले सगळे म्हणतील की बिचारा उपाशी आहे. त्या नजरेला फसू नका. गोठवलेले खाद्य फ्रिजमध्ये हळूहळू वितळवावे, सुटलेले पाणी फेकून द्यावे आणि उरलेला तुकडा टाकीत राहू देऊ नये. फार मोठा घास गिळलेला किंवा घाबरलेला लायनफिश काही तासांनी तो उलटून टाकतो. असा अर्धवट पचलेला गोळा खडकामागे कुजत राहिला तर एका रात्रीत अमोनिया वाढतो. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी विजेरी घेऊन कोपरे पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

पाण्याच्या बाबतीत हा मासा पुष्कळ सोशीक आहे, परंतु त्याची विष्ठा मोठी आणि प्रथिनयुक्त असते. त्यामुळे टाकीच्या मापापेक्षा मोठ्या टाकीसाठी बनवलेला स्किमर, म्हणजे फेसावाटे पाण्यातली सेंद्रिय घाण काढणारे उपकरण, घ्यावा. तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारेपणाचे माप) १.०२२ ते १.०२५, सामू (pH) ८.१ ते ८.४, अमोनिया व नायट्राइट शून्य, आणि नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली असावे. आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलले की हे साधते. हीटरला जाळीचे आवरण असू द्या, कारण लायनफिश तासन्‌तास एका जागी टेकून बसतो आणि गरम काचेचे चटके त्याच्या परांवर उमटतात. प्रकाश मंद आणि उलटे होऊन चिकटून बसता येईल अशा कपारी भरपूर असाव्यात. टाकी २५० लिटरची आहे, ती सध्या चालेल. मात्र हा मासा ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि पसरलेल्या परांसह त्याला वळायला जागा लागते, तेव्हा किमान ४५० लिटरच्या टाकीची तयारी आतापासून ठेवा. ते शक्य नसेल तर ठेंगण्या जातींपैकी एखादी अधिक शहाणपणाची निवड ठरली असती, पण ते आता सांगून उपयोग नाही.

सोबती निवडताना एकच कसोटी लावावी, तो तोंडात मावतो का. लायनफिश आपल्या निम्म्या लांबीचा मासाही गिळू शकतो, आणि मालकाला मावणार नाही असे वाटलेले मासे रात्रीत नाहीसे होतात. सफाई करणाऱ्या कोळंब्यांचीही तीच गत होते. उलट ट्रिगर आणि पफर यांच्यासारखे कुरतडणारे मासे त्याच्या लांब परांचे लचके तोडतात. मोठे, शांत एंजलफिश किंवा टँग चालतात. पण ते चपळ असल्याने सगळे अन्न तेच फस्त करणार नाहीत ना, हे पाहावे. काडीने भरवण्याचा इथे आणखी एक लाभ होतो, कोणी किती खाल्ले हे नेमके कळते.

आजारांमध्ये एक गोष्ट आजार नसूनही सर्वाधिक घबराट निर्माण करते. लायनफिश अधूनमधून आपल्या त्वचेवरचे पातळ आवरण टाकून देतो. त्याआधी एक-दोन दिवस तो मळकट दिसतो, अन्न नाकारतो, मग अंग झटकतो आणि पांढुरके पापुद्रे पाण्यात तरंगू लागतात. हे पाहून घाईने औषध ओतणारे अनेक जण मी पाहिले आहेत. काहीही करू नका, पाणी स्वच्छ ठेवा. डोळे गढूळ होणे मात्र बहुधा बिघडलेल्या पाण्याचे किंवा आपटल्याचे लक्षण असते, आणि पाण्याची तपासणी हाच त्यावरचा पहिला उपाय आहे. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, जलद श्वास आणि खडकाला अंग घासणे ही समुद्री पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीची खूण आहे. तेव्हा माशाला विलगीकरण टाकीत हलवून तिथेच उपचार करावेत, आणि मुख्य टाकी एकही मासा न ठेवता ७६ दिवस रिकामी ठेवावी. तांब्याचे औषध वापरायचे झाल्यास मात्रा सावकाश वाढवावी आणि रोज चाचणी संचाने मोजावी. अंदाजाने थेंब मोजण्याचे हे काम नव्हे. नवीन मासा चार ते सहा आठवडे वेगळा ठेवला असता तर यातले बरेचसे टळते, हे पुढच्या खेपेसाठी.

आता हाताच्या सुरक्षेविषयी. मला आजवर एकदाच काटा लागला आहे, आणि तो हल्ला नव्हता. मी आतली काच पुसत होतो, आणि पाच वर्षे माझ्या हातून खाणारा मासा काहीतरी मिळेल या आशेने माझ्या मनगटाखाली येऊन थांबला. हात खाली आणताना तो त्याच्या पाठीवर टेकला. माणसाळलेला लायनफिश नवख्या लायनफिशपेक्षा अधिक धोकादायक असतो, कारण नवखा दूर पळतो आणि माणसाळलेला जवळ येतो. म्हणूनच पहिल्या दिवसापासून त्याची सांगड हाताशी न घालता काडीशी घाला, आणि ती काडी दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नका. स्वच्छतेपूर्वी मासा कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. शक्य तितके काम लांब दांड्याच्या अवजारांनी करावे. हात घालावाच लागला तर पारदर्शक प्लास्टिकच्या तक्त्याने मासा एका बाजूला अडवून ठेवावा, आणि दुसऱ्या व्यक्तीने केवळ त्याच्यावर नजर ठेवावी. साधे रबरी हातमोजे काटा अडवत नाहीत.

मासा हलवताना जाळे वापरू नका. काटे जाळ्यात गुंततात, मग ते सोडवायला बोटे लागतात. पाण्यात बुडवलेल्या कडक डब्यात त्याला हळूच वळवून घ्यावे. प्रवासासाठीही झाकणाचा डबाच बरा, पिशवीला तो आतून भोके पाडतो. मुलांसाठी सांगायचे तर, टाकीचे झाकण कुलपाचे असावे आणि भरवणे हे मोठ्यांचेच काम राहावे. मोठ्या मुलाला काडी धरायला देण्याचा मोह होईल, तो आवरा.

एवढे करूनही काटा लागलाच, तर वेदना तत्काळ आणि तीव्र असते, आणि सूज झपाट्याने चढते. रुतलेला तुकडा दिसत असेल तर चिमट्याने काढावा, जखम धुवावी, आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा. हे विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने त्याचा प्रभाव मावळतो. पाणी किती गरम आहे हे न दुखावलेल्या हाताने किंवा तापमापकाने पाहावे. काटा लागलेल्या हाताला ते नीट कळत नाही आणि विषाऐवजी भाजल्याची जखम होऊन बसते. जखम चिरू नये, चोखू नये, वर पट्टी आवळून बांधू नये. वेदना कमी झाली तरी डॉक्टरांना दाखवावे. काट्याचा तुकडा आत राहिला आहे का आणि धनुर्वाताची लस चालू आहे का, हे त्यांनाच ठरवू द्या. श्वास घ्यायला त्रास होणे, चेहरा सुजणे, चक्कर, छातीत दुखणे यांपैकी काहीही दिसले तर गरम पाण्याच्या पुढच्या टप्प्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. मी टाकीच्या कपाटात एक तापमापक आणि एक खोल भांडे कायम ठेवतो, कारण त्या क्षणी ते शोधण्याची मनःस्थिती नसते.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण टाकीच्या मापावरून तो सुचला. हा मासा वाढून तुम्हाला सांभाळणे अशक्य झाले तर त्याला कोणत्याही परिस्थितीत समुद्रात सोडू नका. अटलांटिकच्या पश्चिम भागात, जिथे तो मुळात नव्हता, तिथे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ साली त्याची पहिली नोंद झाली. आज तो कॅरिबियन समुद्र व मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरून तिथले लहान मासे फस्त करत आहे, आणि पाळलेले मासे सोडून दिले जाणे हेच त्याचे सर्वमान्य कारण मानले जाते. जागा बदलायची असेल तर मोठ्या टाकीचा मालक किंवा सार्वजनिक मत्स्यालय आधीच शोधून ठेवा, आणि तो काडीवरून गोठवलेले खाद्य खातो हे त्यांना आवर्जून सांगा. अशा माशाला घर लवकर मिळते.